गोल्फ कार्ट रानात न्यायची तर आधी ब्रेक, उंची शेवटी



आजचा विषय तुम्हीच सुचवलेला आहे. अमेरिकेतले व्हिडिओ तुम्ही पाहता. त्यात एक माणूस साधी, बुटकी, हिरवळीवर फिरणारी गोल्फ कार्ट घेतो. तिला सहा इंच उचलतो, खाली दणकट टायर घालतो, पुढे लोखंडी गार्ड, वर दिव्यांची पट्टी, बाजूला बंदूक अडकवायची जागा, मागे माल टाकायचा डबा. शेवटी झाडाच्या पानांसारखा रंग मारतो आणि गाडी चिखलातून, ओढ्यातून, झाडीतून चालायला लागते. मग तुम्ही मला विचारता, ‘हे आपल्याकडे जमेल का?’

जमेल. पण त्या व्हिडिओत बदल ज्या क्रमाने दाखवतात, जवळजवळ त्याच्या उलट क्रमाने काम करावं लागेल. आधी ब्रेक, मग टायर, मग मोटर आणि कंट्रोलर, मग बॅटरी आणि सगळ्यात शेवटी उंची. बंदुकीची जागा तर यादीतच नाही. हा क्रम का, ते आज हिशेबासकट सांगतो.

नव्या मंडळींसाठी थोडी ओळख. आमचं मूळ गाव विट्याकडचं. तिकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्यात माझे वडील जयपूरला आले. मी भट्टीपेक्षा मोटरच्या कॉइलमध्ये जास्त रमलो. इथे सोडाल्यात, अजमेर रोडच्या आतल्या एका गल्लीत माझी शेड आहे. ई-रिक्षांची दुरुस्ती हे पोटापाण्याचं काम. त्यासोबत रिसॉर्ट, लग्नाची गार्डन, फार्महाऊस यांच्याकडच्या जुन्या गोल्फ कार्ट येतात. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

शिकाऱ्याला ही गाडी का आवडली?

अमेरिकेत क्लब कार आणि ई-झेड-गो या गोल्फ कार्ट बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, दोन्ही जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावच्या. गोल्फ क्लब ठरावीक वर्षांनी गाड्या बदलतात, त्यामुळे जुन्या गाड्या बाजारात भरपूर येतात. पण शिकाऱ्याने ती उचलण्याचं खरं कारण किंमत नाही, शांतता आहे. विजेवरची कार्ट इंजिनासारखी धडधडत नाही, धुराचा वास सोडत नाही. हरणाला कानानेही कळतं आणि नाकानेही. ही गाडी दोन्हींना चकवते.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते पाळून माळावर काळविटांची शिकार होत असे. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला गाड्यावर बसवून नेत. या शिकारीत बहुधा बैलगाडी वापरली जायची, कारण काळविटाला बैलगाडी रोजची होती. माणूस पायी आला तर कळप उधळायचा, गाडी आली तर चरत राहायचा. म्हणजे शिकारीच्या गाडीचा पहिला गुण ताकद नव्हे, रानाला ती खटकू नये हा आहे.

राजस्थानच्या संस्थानिकांनी याच्या बरोबर उलटी वाटही धरली. कोट्याचे महाराव उम्मेदसिंह दुसरे यांच्यासाठी १९२५ साली रोल्स-रॉईस फँटमवर वाघाच्या शिकारीची गाडी बांधली गेली. मोठे सर्चलाइट, बंदुका ठेवायची सोय आणि जंगलातून हळू चालण्यासाठी खालचे गिअर. त्या गाडीतला ‘हळू चालण्यासाठी खालचे गिअर’ हा एकच भाग आजही आपल्या उपयोगाचा आहे. पुढे मोटरच्या वेळी त्याकडे परत येऊ.

आपल्याकडे बंदूक नाही, पण काम आहे

आता कायद्याचं स्पष्ट बोलतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-चार गिऱ्हाइकांमागे एक जण डोळा मारून ‘थोडी शिकारीची सोय ठेवा’ म्हणतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. त्यात सुरुवातीला परवान्याने काही शिकार करता येत होती, पण तेव्हाही चाकाच्या किंवा यंत्राच्या वाहनातून शिकार करायला मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची ती वाटच बंद झाली. आज कलम ९ खाली शिकारीला बंदी आहे. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. पकडणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं, त्यासाठी प्राण्याला हाकणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं व्याख्येत येतं. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहन कलम ३९ प्रमाणे सरकारचं होतं. म्हणजे हौसेने बनवलेली कार्टही गेली आणि माणूसही अडकला.

पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यांसाठी कलम ११ आहे. तिथे अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आपल्या शेतात आपली गाडी आहे म्हणून काहीही चालतं, असं नाही.

मग ही गाडी करायची कशासाठी? त्याचं उत्तर मला वरूडकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या फोनने मिळालं. ते म्हणाले, ‘‘जागलीले रात्रभर पायी फिरून फिरून पाय गेले भाऊ. फटफटी नेली त रोही पहिलेच पळते अन् आपण बाहेर निघालो की वापस येते. हे गाडी करून द्या न.’’

मी म्हटलं, ‘‘दादा, रोह्याच्या मागे पळवायला गाडी पाहिजे की बांधाबांधाने फिरायला?’’

‘‘फिरायले. मागं पळून काय करू? हातपाय मोडाचे काय?’’

हाच तो मुद्दा. ज्यांना रोही म्हणजे काय ते माहीत नसेल त्यांच्यासाठी: ती नीलगाय. राजस्थानात तिलाच रोझ, रोजडा म्हणतात. विदर्भापासून शेखावाटीपर्यंत शेतकऱ्याची रात्रीची झोप तिने आणि रानडुकराने घालवली आहे. जागलीला लागते ती आवाज न करणारी, हळू चालणारी, दोन माणसं, पाण्याचा कॅन, तारेचं बंडल आणि एखादं पोतं नेणारी गाडी. शिकारीच्या कार्टचे चांगले गुण नेमके हेच आहेत. तिच्यातलं आपल्याला नको आहे ते उंची, वेग आणि प्राण्याच्या डोळ्यांवर मारायचा झोत.

अशी अदलाबदल आपल्या रानांनी आधी केलेलीच आहे. भरतपूरच्या केवलादेवला १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. आज त्याच ठिकाणी लोक सायकलरिक्षातून पक्षी पाहतात आणि रिक्षावालाच पक्ष्यांची नावं सांगतो. रणथंभोर जयपूर दरबारचं शिकारीचं रान होतं. जानेवारी १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या दौऱ्यात प्रिन्स फिलिप यांनी तिथे वाघ मारला. १९७३ साली तेच रान व्याघ्र प्रकल्पात आलं. रान तेच राहिलं, गाडीचं काम बदललं.

मुळात गाडी कशी असते?

बदल करण्याआधी ही गाडी कशासाठी बनवली ते समजून घ्या. ती कापलेल्या गवतावर चालण्यासाठी आहे. टायर साधारण १८ इंच उंच आणि गुळगुळीत, म्हणजे हिरवळीला इजा होऊ नये. वेग ताशी २० ते २४ किलोमीटर. पोटाखाली जमिनीपासून चार-साडेचार इंच मोकळी जागा. बॅटरी ३६ किंवा ४८ व्होल्टची. ४८ व्होल्टसाठी आठ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, प्रत्येकी जवळपास २९ किलो. म्हणजे सीटखाली पावणेदोनशे किलो शिसं आणि आम्ल. ब्रेक बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या दोन चाकांना, ड्रमचे, वायरने ओढले जाणारे.

ही शेवटची ओळ परत वाचा. सगळा धडा तिच्यात आहे.

पहिलं काम: ब्रेक

सपाट हिरवळीवर ताशी २० च्या वेगाला मागचे ड्रम पुरतात. रानात उतार असतो. उतारावर ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात. ब्रेक मात्र मागेच आहेत. मग ती चाकं जाम होतात आणि घसरतात, गाडी आडवी फिरते. आडवी झालेली गाडी उतारावर पलटी खाते. गाडी जितकी उंच, तितकं वजन जास्त पुढे सरकतं. म्हणून उंची वाढवण्याआधी ब्रेक.

वेगाचा हिशेबही पाहा. ताशी २४ वरून ३६ वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. मध्यम जोराच्या ब्रेकला, सेकंदाला तीन मीटरने वेग कमी होतो असं धरलं, तर २४ ला गाडी साडेसात मीटरमध्ये थांबेल, ३६ ला जवळजवळ सतरा मीटर घेईल. तेही टणक जमिनीवर.

काय करायचं? मागचे शू, ड्रम, स्प्रिंग आणि वायर नवीन घाला. दोन्ही बाजूंचा ताण सारखा करा. पुढच्या चाकांना हायड्रॉलिक डिस्क बसवण्याची किट मिळते. चढ-उताराच्या जमिनीवर ती चैन नाही, गरज आहे. हँडब्रेक भरलेल्या गाडीला उतारावर धरून ठेवतो का, ते तपासा.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. जुन्या सिरीज मोटरच्या गाड्यांत पाय काढला तरी मोटर गाडीला मागे ओढत नाही. उतारावर ती मोकळी सुटते आणि मोटर तिच्या मर्यादेपेक्षा वेगाने फिरून फुटूही शकते. एसी मोटरच्या गाड्यांत मोटरच ब्रेकचं काम करते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागा नसते आणि ही ओढ कमी पडते. तुमचा चार्जर टेकडीवर असेल आणि सकाळी पहिलंच काम उतरण्याचं असेल, तर हे लक्षात ठेवा.

दुसरं काम: टायर

रानात जायला सगळ्यात जास्त फरक टायरने पडतो, उंचीने नाही.

राजस्थानची वाळू घ्या. माणसांसकट गाडीचं वजन ७०० किलो धरू. डांबरी रस्त्यावर ती ढकलत ठेवायला दहा ते चौदा किलोच्या वजनाएवढा जोर लागतो. सुट्या वाळूत त्याच गाडीला दीडशे किलोच्या आसपास लागतो, कधी त्याहूनही जास्त. हा जोर कमी करायचा एकच स्वस्त मार्ग म्हणजे रुंद टायर आणि कमी हवा. एरवी १८ ते २२ पीएसआय हवा असते. वाळूत १० ते १२ वर आणली की टायर पसरतो आणि रुतण्याऐवजी वर राहतो. परत टणक रस्त्यावर आलात की हवा भरा, नाहीतर टायरच्या कडा गरम होऊन फाटतात.

विदर्भाच्या काळ्या मातीत गोष्ट उलटी. तिथे रुंद टायर चिखलाने थापला जातो. खोल, मोकळ्या गुट्ट्यांचा टायर लागतो, म्हणजे चिखल फेकला जाईल. कोकणातल्या जांभ्याच्या खडीवर टायरची बाजूची भिंत जाड हवी. एकच टायर सगळ्या जमिनींना चालत नाही.

आणि काटे! राजस्थानात जिला विलायती बबूल म्हणतात, तीच आपली वेडी बाभूळ. तिचा काटा गोल्फच्या टायरला सुईसारखा आरपार जातो. ट्यूबलेस टायर, आत सीलंट आणि सोबत हातपंप. रात्री दोन वाजता शेताच्या टोकाला पंक्चर काढणारा येत नाही.

तिसरं काम: मोटर आणि कंट्रोलर

टायर मोठा केला की त्याची किंमत मोटर देते. १८ इंचाचा टायर काढून २२ इंचाचा घातला तर एका फेऱ्यात गाडी २२ टक्के जास्त पुढे जाते. वेग वाढला म्हणून लोक खूश होतात. पण चाकावरचा जोर १८ टक्क्यांनी कमी होतो. वाळूत तेवढाच जोर काढायला मोटरला साधारण २२ टक्के जास्त करंट घ्यावा लागतो. वायर आणि कॉइल किती तापतील हे करंटच्या वर्गावर ठरतं, म्हणजे उष्णता जवळजवळ दीडपट. जयपूरच्या जूनमध्ये आधीच हवा पंचेचाळीसला टेकलेली असते. मोटर जळते ती इथे.

कोट्याच्या त्या रोल्स-रॉईसचे खालचे गिअर आता आठवा. आपल्या कार्टला गिअरबॉक्स नसतो, मागे डिफरन्शियलमध्ये एकच ठरलेलं प्रमाण असतं. तेव्हा मोठ्या टायरसोबत जास्त कपातीचे गिअर घाला किंवा जास्त करंटचा कंट्रोलर आणि त्याला साजेशी मोटर घ्या. नुसता कंट्रोलर बदलून उपयोग नाही. त्यासोबत सोलेनॉइड आणि ३५ चौरस मिलिमीटरच्या जाड केबल घ्या. बारीक केबल म्हणजे शेगडीची तारच. मेन लाइनवर फ्यूज आणि ड्रायव्हरच्या हाताशी कट-ऑफ स्विच बसवा.

दिव्यांसाठी बारा व्होल्ट लागतात म्हणून मधल्या दोन बॅटऱ्यांवरून वायर काढायची सवय आपल्या इलेक्ट्रिशियनना आहे. करू नका. त्या दोन बॅटऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त रिकाम्या होतात, चार्जरला ते कळत नाही आणि पुढे सगळा संच वाया जातो. पूर्ण ४८ व्होल्टवरून कन्व्हर्टर लावून बारा व्होल्ट घ्या.

एसी मोटरचा कंट्रोलर घेतलात तर वेगाची मर्यादा सेट करून मिळते. मी जागलीच्या गाडीला ताशी १५ वर बांधतो. मालक कुरकुर करतात. त्यांना एवढंच सांगतो की बांधावरून पंधराच्या पुढे जाणारा माणूस पिकाकडे पाहत नसतो.

चौथं काम: बॅटरी

वाळूत ताशी दहाने चालायला जवळपास चार किलोवॉट लागतात. मोटरमधलं नुकसान धरून ४८ व्होल्टवर शंभर अँपियरच्या वर. १७० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १०० ने भागून तुम्ही म्हणाल, पावणेदोन तास चालेल. नाही चालणार. लेड-ॲसिड बॅटरीवरचा आकडा वीस तास सावकाश रिकामी करण्याचा असतो. जोरात ओढली तर ती कमी देते. सतत वाळूत तासाभरात तिचा दम संपतो आणि दर वेळी अशी पूर्ण रिकामी केली तर आयुष्यही संपतं.

उन्हाचाही हिशेब धरा. २५ अंशांच्या वर साधारण प्रत्येक आठ-दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य अर्ध्यावर येतं. पाणी दर पंधरवड्याला पाहा आणि डिस्टिल्डच घाला, बोअरचं नाही.

लिथियम फॉस्फेटचा ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरचा संच पन्नास किलोच्या आत बसतो. सव्वाशे किलो वजन उतरलं की गाडी रुतते कमी. पण बहुतेक संच ४५ अंशांच्या वर चार्ज व्हायला नकार देतात. दुपारी पत्र्याच्या शेडखाली लावलेला चार्जर म्हणूनच बंद पडतो, बिघडलेला नसतो. रात्री किंवा पहाटे चार्ज करा. जुना लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला कधीही लावू नका.

शेवटचं काम: उंची

आता सगळ्यांच्या आवडीचा भाग, आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

सहा इंचांची लिफ्ट किट लावली की गाडी जमिनीपासून सहा इंच वर गेली असं वाटतं. बॉडी वर गेली, हे खरं. पण गाडीखालचा सगळ्यात खालचा भाग कोणता? मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा. लिफ्ट किट पाट्यांवर ठोकळे ठेवून बॉडी उचलते, एक्सल तिथेच राहतो. एक्सल वर जातो तो फक्त टायरमुळे. १८ चा टायर २२ चा केला तर एक्सल दोन इंच वर. म्हणजे बॉडी आठ इंच वर गेली आणि दगडाला लागणारा भाग दोनच इंच. बाकीच्या सहा इंचांनी चाकाला बॉडीखाली जागा करून दिली, एवढंच.

त्या आठ इंचांची किंमत पाहा. समजा चाकांमधलं अंतर ८६ सेंटिमीटर आहे आणि माणसं बसल्यावर वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर. अशी गाडी बाजूला साधारण ३६ अंश कलली की पलटी खाईल. तोच मध्य २० सेंटिमीटर वर नेला की २८ अंशांवरच पलटेल. सहा मीटरच्या वळणावर आधी ताशी २३ ला जे झालं असतं, ते आता २० ला होईल. आणि हा हिशेब सपाट जमिनीचा आहे. एका बाजूचं चाक चारीत गेलं की आकडे आणखी खाली येतात.

माझ्या शेडमध्ये एक कार्ट टेम्पोत घालून आणली होती. दिल्ली रोडकडच्या एका फार्महाऊसची, कुठेतरी दुसरीकडे उंच केलेली. मोठे टायर होते, वेग वाढवलेला होता, ब्रेक मूळचेच. वळणावर कलताना ड्रायव्हरने जमिनीला टेकायला पाय बाहेर काढला. उघड्या गाडीत माणूस हेच करतो, शिकवावं लागत नाही. गाडी त्या पायावर आली. त्याला तीन महिने काम नव्हतं. मालकाने मला विचारलं, छप्पर किती दिवसांत सरळ होईल.

म्हणून उंचीबद्दल माझे नियम. बऱ्याच गाड्यांत २० इंची टायर उंची न वाढवता किंवा थोडीशीच वाढवून बसतो. जागलीसाठी, बागेसाठी, फार्मसाठी तो पुरतो. २२ इंची घ्यायचाच असेल तर टायर बॉडीला घासणार नाही एवढीच लिफ्ट करा, शोभेसाठी एक इंचही नको. चाकं बाहेर काढून रुंदी वाढवा. वरच्याच उदाहरणात रुंदी एक मीटर केली तर २८ चे अंश ३२ वर येतात. डिफरन्शियलखाली जाड पत्र्याचं कवच लावा, ते दोन इंच उंचीपेक्षा जास्त कामाला येतं. छपरावर सामान ठेवू नका. कार्टचं छप्पर उन्हापावसासाठी असतं, पलटी झाल्यावर डोकं वाचवायला नाही. पट्टे लावायचे असतील तर आधी पक्क्या नळ्यांचा पिंजरा हवा. बाजूला कमरेएवढी आडवी नळी आणि पकडायला मूठ मात्र प्रत्येक गाडीला लावाच.

गेटच्या बाहेर काय?

फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचं खास वाहन मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतं. म्हणून गोल्फ क्लबच्या गाडीला नंबर प्लेट नसते. पण तीच गाडी गावच्या रस्त्यावर आली की नोंदणी नाही, विमा नाही. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना मधला शंभर मीटरचा रस्ताही रस्ताच असतो. तिथे ती ट्रॉलीवर न्या. अभयारण्यात तर वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरायचंच नाही. आमच्या जयपुरात झालानाचं बिबट्यांचं रान शहराला खेटून आहे. तिथे सफारीला जायचं तर वन खात्याने ठरवलेल्या गाडीतूनच.

ताबा घेण्याआधी

गाडी तयार झाली की पैसे देण्याआधी एवढं करा. माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती सीटवर बांधा. तुमच्या शेतातल्या सगळ्यात मोठ्या उतारावर गाडी हँडब्रेकवर दहा मिनिटं उभी ठेवा. मग त्याच उतारावरून सावकाश उतरताना ब्रेक दाबा आणि मागचं चाक घसरतं का पाहा. नंतर अर्धा तास मऊ जमिनीत चालवून मोटर आणि केबलच्या जोडांना लांबून हात दाखवा. आच लागली तर जोड ढिला आहे किंवा केबल बारीक आहे. हे सगळं उजेडी करा, पहिली जागल त्यानंतर.

वरूडच्या दादांची गाडी अशीच झाली. टायर २० इंची, उंची मूळची, पुढे डिस्क ब्रेक, मागे संत्र्याच्या दोन क्रेट बसतील एवढा डबा, वेग पंधराला बांधलेला. त्यांच्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं, दिव्यांची पट्टी का नाही? दिवे आहेत, पण खाली, चाकासमोरची वाट दिसेल असे. रोह्याला गाडी दिसली, माणूस दिसला की ते जातं. आणि आपल्याला दिसायला हवी ती समोरची चारी.

पुढच्या भागात चार्जर उघडून बघू. तोपर्यंत तुमच्या गाडीचे ब्रेक तपासून घ्या. नमस्कार!